आरोहीचे खांदे

जेवणाच्या सुट्टीत, मटकीचा घास तोंडात असताना वृषालीला कळलं की ती मेलेली आहे. कळवलं ते तेजस्विनीच्या मोबाइलने. मंचरला हायवेच्या कडेला ट्रॅक्टरचं जे शोरूम आहे, त्याच्या मागच्या खोलीत, ऑइल फिल्टरच्या खोक्यांच्या आडोशाला दोघी रोज डबा खायच्या. वृषाली विम्याची आणि पासिंगची कागदं बघायची, तेजस्विनी बिलिंगला होती. तेजस्विनीला जेवताना समोर काहीतरी हलतं लागायचं, म्हणून मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. एक पुरुषी आवाज, मुद्दाम जड केलेला, सांगत होता की हा एक कन्नड सिनेमा आहे, एचआयव्ही झालेल्या लहान मुलांवरचा, आणि यात मागे बसलेली मुलं नट नाहीत, ती खरीच तशी होती, एका अनाथाश्रमातली. मग आवाज जरा थांबला. मागे रडव्या सुरात पेटी वाजली. ‘मित्रांनो, आज त्यातलं एकही मूल या जगात नाही.’ भिंतीला टेकून बसलेल्या मुलींची एक रांग दिसली. तिच्यात चेहऱ्यापेक्षा कान मोठे असलेली, डोळे ताणून समोर बघणारी जी होती, ती वृषाली होती, दहा वर्षांची. आणि तिला चिकटून, दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून बसलेली, खांदे गदगदत असलेली, ती तिची धाकटी बहीण आरोही.

वृषालीने घास गिळला. तो गेला, नेहमीसारखाच गेला, आणि तिला त्याचंच आश्चर्य वाटलं. बाहेर कांद्याचे ट्रक एकामागे एक ब्रेक मारत होते. तेजस्विनी ओढणीने नाक पुसत म्हणाली, “बघ ना गं. ही तोंड झाकून रडणारी आहे ना, हिचंच मला लई वाईट वाटतं. मैत्रीण मेलीय हिची. कालपासून किती वेळा बघितलं मी.”

“मग कशाला बघतेस?”

“रडून बरं वाटतं.” तेजस्विनी हसली, ओल्या डोळ्यांनी. “तू काय दगड आहेस का गं?”

ती रडत नाहीये, असं वाक्य वृषालीच्या घशापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. कारण त्या वाक्याच्या मागे दुसरं उभं होतं, तुला काय माहीत, आणि त्याच्या मागे तिसरं, ती माझी बहीण होती, आणि तिसऱ्याचं बोट धरून चौथं, आणि ते चौथं बाहेर पडलं की मग हे शोरूम, ही नोकरी, राकेशबरोबरची ती दोन खोल्यांची भाड्याची जागा, डिंभ्याला राहणारी सासू, म्हणजे राकेशची आई, सगळं एका ओळीत उभं राहणार आणि एकेक करून पडणार. तिने डब्याचं झाकण लावलं. तेजस्विनी तिची मैत्रीण होती. वृषालीला ताप आला तेव्हा पेज घेऊन खोलीवर आलेली, दिवाळीला चकलीचं पीठ दोघींनी मिळून मळलेलं, एकमेकींच्या डब्यातली भाजी न विचारता उचलायची इतपत. आणि ही मैत्रीण कालपासून तिच्या मरणावर रडत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. याचा राग कुणावर काढायचा हे वृषालीला कळेना. तेजस्विनीवर काढावा तर ती बिचारी मनापासून रडत होती, आणि तेच सगळ्यात असह्य होतं.

दुपारभर तिच्या हातून चुका होत गेल्या. चेसिस नंबर लिहिताना आकडे उलटे पडले. पिंपळगावकडचा एक म्हातारा शेतकरी टोपी काढून टेबलाशी येऊन उभा राहिला, “म्याडम, पासिंग कवा व्हनार?” आणि ती त्याच्यावर उगाच खेकसली, मग त्याने टोपी परत घातली तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली. पंखा फिरत होता आणि कागद उडत होते, पंखा बंद केला की घाम येत होता. आज त्यातलं एकही मूल या जगात नाही. कुणी सांगितलं त्याला? कुणाला विचारलं त्याने? तिच्या रक्तात आता विषाणू मोजायला गेलं तर सापडत नाही. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई गेल्या खेपेला हसून म्हणाली होती, असंच चालू ठेव, मला कंटाळा येईल इतके नॉर्मल रिपोर्ट आहेत तुझे. रोज एक गोळी, एवढंच. भाकरी खाते, भांडते, राकेशबरोबर मोटरसायकलवर भीमाशंकरला जाऊन येते. पण ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण हिच्यावर पेटी वाजवता येत नाही. कंटाळवाण्या रिपोर्टवर कोण रडणार?

ते शूटिंग तिला इतकं लख्ख आठवत होतं की मधली वर्षं कुठे गेली असा प्रश्न पडावा. वडील गेले, मग आई गेली, आणि मग चुलत्याने दोघी बहिणींना नेऊन सोडलं ते थेट राज्याच्या टोकाला, सीमेजवळच्या एका गावात, जिथे एसटीची पाटी मराठीत आणि किराणा दुकानाची कन्नडमध्ये होती. अशा मुलांसाठी कुणा भल्या माणसाने काढलेलं ते घर होतं. पत्र्याचं छप्पर, समोर कडुलिंब, आणि सांभाळायला इंद्रायणीताई, ज्या मराठीत रागवायच्या आणि कन्नडमध्ये लाड करायच्या. बा म्हणजे ये, ऊट म्हणजे जेवण, नीरु म्हणजे पाणी, हे आरोही आठवड्यात शिकली आणि वृषाली महिनाभराने. आरोही सगळंच लवकर शिकायची. आणि हसायची फार. तिच्या हसण्याची एक पद्धत होती. मोठ्याने हसलं की मोठी माणसं ओरडतात म्हणून ती दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरायची, आणि मग हसू बाहेर यायला वाट उरायची नाही, ते खांद्यांत उतरायचं, आणि खांदे गदगद हलत राहायचे. प्रार्थनेत, जेवणाच्या पंगतीत, डॉक्टर छातीला नळी लावत असताना.

सिनेमावाले बंगळुरूहून आले होते. दोन गाड्या, लायटी, छत्र्या. दिग्दर्शक भला माणूस होता, सगळ्यांना जवळ घ्यायचा, बिस्किटांचे पुडे वाटायचा. पण पहिल्याच दिवशी त्याची अडचण झाली. मुलं पुरेशी आजारी दिसत नव्हती. औषधं सुरू झाल्यापासून सगळ्यांच्या अंगावर जरा मूठभर मांस चढलं होतं, इंद्रायणीताईंना त्याचा केवढा अभिमान होता, आणि नेमक्या त्यांनाच तो माणूस विचारत होता, याहून अशक्त कुणी नाही का. मग रंगवणारा आला आणि त्याने एकेकाच्या डोळ्यांखाली काळसर भुकटी चोपडली, गालांवर सावल्या काढल्या, तेल लावून बसवलेले केस विस्कटले. आरोही आरशात बघून म्हणाली, “ताई, मी मेलेली दिसते का?” आणि तळवे तोंडावर. सिनेमातली मुख्य मुलगी मात्र बंगळुरूची होती, चांगली धडधाकट, तिची आई छत्रीखाली बसून असायची आणि लेक या मुलांतून जाऊन आली की ओल्या कागदी रुमालाने तिचे हात पुसायची, अगदी बोटांच्या बेचक्यांसकट. ती मुलगी शेवटी मरणार होती. तिला खाटेवर निजवलं, पांढरी चादर ओढली, बाकीच्या मुलींना भिंतीशी बसवलं. आता रडायचं, असं इंद्रायणीताईंनी मराठीत समजावलं. वृषालीने डोळे ताणले, आईची आठवण काढली, बापाची काढली, आणि काहीच येईना. सगळं चिडीचूप झालं. कॅमेरा सुरू झाला. आणि त्या शांततेत, त्या मेलेल्या मुलीच्या पोटात गुडगुडलं. मोठ्याने. बैलगाडी लाकडी पुलावरून जावी तसं.

आरोही फुटली. तळवे तोंडावर गेले, मान खाली, खांदे गदगदायला लागले. आता ओरडा बसणार, असं वृषालीला वाटलं. पण दिग्दर्शकाने हात वर केला, कुणी हलू नका, आणि कॅमेरा हळूहळू आरोहीकडे सरकत आला. सिनेमातली एक बाई पुढे झाली, तिने आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘अळबेड मगू’. रडू नको बाळा. ते ऐकून तर आरोही आणखीच गदगदली. कट म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले होते. त्याने आरोहीला उचलून घेतलं, आणि ती त्याच्या खांद्यावरून वृषालीकडे बघत होती, लाल झालेली, घाबरलेली. रात्री अंथरुणात तिने विचारलं, “ताई, मी काय केलं?” वृषालीला सांगता आलं नाही. मराठीत गदगदणं रडण्यालाही लागतं आणि हसण्यालाही, हे तेव्हा तिला सुचलं नव्हतं. सिनेमा झाला की तुम्हाला दाखवायला आणू, असं सांगून ते लोक गेले आणि परत आले नाहीत. पुढे दोन पावसाळ्यांनी आरोही गेली, मेंदूत ताप चढून, एका साध्या मंगळवारी, दवाखान्याच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस रेडिओ ऐकत असताना. कुणी भिंतीशी रांगेने बसलं नव्हतं. मग डिंगोऱ्याहून शकुबाई आत्या आली, वडिलांची थोरली बहीण. आजाराचं कळल्यापासून, तिचा नवरा होता तोवर, त्याने या पोरींना दारात उभं करू दिलं नव्हतं. तो वारल्यावर ती एकटी एसटी बदलत बदलत तिथे पोचली, आणि वृषालीला घेऊन गेली.

संध्याकाळी राकेश कामावरून आला. तो मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीचं काम करायचा, दिवसभर कुठल्यातरी डोंगरावर असायचा. त्याला लग्नाआधीपासून सगळं माहीत होतं. त्याच्या घरच्यांना नव्हतं. वृषालीने चहाही न ठेवता मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्याने बूट काढता काढता बघितलं, मग बूट हातातच राहिला.

“यात तू हायेस?”

“शोध.”

त्याने पडदा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग एका मुलीवर बोट ठेवलं. ती नंदा नावाची मुलगी होती, सांगोल्याची. वृषालीने नकारार्थी मान हलवली, तो ओशाळला, भराभर दुसऱ्या मुलीवर बोट नेलं, तेही चुकलं. तिला वाटलं हसावं. वाटलं, हा माणूस रोज माझा चेहरा बघतो.

“लई जुनं हाय गं, बारीक दिसतं यात,” तो म्हणाला. “पण खरं सांगू का, बरंच झालं. कुणाला वळखू येत नाय.”

“तो म्हणतोय सगळी मेली.”

“म्हणू दे. आपल्याला काय करायचंय?”

“मी खाली लिहिणारे. की मी आहे. आणि ती रडत नाहीये म्हणून.”

राकेशने बूट खाली ठेवला. “वृषाली, ते रील आमच्या गावच्या ग्रुपवर बी आलंय. आईनं बघितलं असंल. तू खाली नावानिशी लिहिणार, मग ते फिरत फिरत…” त्याने मोबाइल उलटा ठेवला. “थोडे दिवस जाऊ दे. विसरतील लोकं.”

“म्हणजे मेलेलीच बरी मी.”

“तसं न्हाई म्हणत मी.”

“मग कसं म्हणतोस?”

तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडण कुठेतरी पोचलं असतं. तो उठला, स्वतःच चहा ठेवला, तिच्या कपात साखर कमी घातली, तिला आवडते तशी. ती खिडकीत बसून मोबाइलशी झटत राहिली. तक्रार कुठे करायची ते सापडलं. अश्लील आहे का, हिंसक आहे का, कुणाची फसवणूक आहे का, असं यंत्र विचारत होतं. मी जिवंत आहे, असं कुठे लिहायची सोय नव्हती. शेवटी तिने त्या पानाला खाजगीत निरोप पाठवला, नाव न घालता. ‘दादा, त्यातली मुलं मेली हे खोटं आहे. काही जिवंत आहेत. आणि ती मुलगी रडत नाहीये, हसतेय.’ उत्तर लगेच आलं. हात जोडलेलं चित्र, आणि खाली, ‘धन्यवाद ताई, पार्ट टू लवकरच.’

मग तिने अख्खा सिनेमा शोधून काढला. तो तसाच पडून होता, कन्नडमध्ये, कुणीतरी चढवलेला. भाषा पुसट झाली होती तरी मधूनच एखादा शब्द उठून तिच्याकडे यायचा, बा, ऊट, नीरु, जसं जुन्या गल्लीतलं कुणी हाक मारावं. सिनेमा वाईट नव्हता. खरं तर चांगला होता. गावाने पाणी भरू न देणं, शाळेतून नाव कापणं, हे सगळं जसं होतं तसं होतं, आणि ती दोनदा रडलीसुद्धा, आणि रडली म्हणून चिडली. मग ती खाट आली. चादर आली. कॅमेरा आरोहीकडे सरकला, आणि आरोहीच्या खांद्यांवर त्यांनी दुसऱ्याच कुठल्या मुलीचं हुंदके देणं चढवलं होतं. खांदे तिचे, हुंदके परके. वृषाली ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत राहिली. आरोहीचा दुसरा एकही फोटो हलत नाही. जे आहेत ते शाळेचे, ओळखपत्राचे, ताठ. हलणारी आरोही जगात एवढीच, काही क्षणांची, आणि तीही खोटी करून टाकलेली. हा सिनेमा पुसून टाका म्हणावं तर आरोही पुसली जाणार. राहू द्या म्हणावं तर ती कायम रडत राहणार.

रविवारी ती एकटीच डिंगोऱ्याला गेली. नारायणगावला गाडी बदलायला बराच वेळ मोडला, पुढे जीप मिळाली ती माणसांनी आणि टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांनी गच्च भरलेली. तिला वाटत होतं, आत्याला दाखवलं की झालं. आत्याने आरोहीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, चुलता त्यांना घेऊन जाण्याआधी. एक तरी माणूस या जगात असं असावं ज्याला सांगावं लागणार नाही. शकुबाई लसणाच्या वाफ्यात खुरपत बसली होती. वृषालीला बघून तिने खुरपं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले. “अवचित आलीस? बरी हायेस न्हवं? गोळी चुकली न्हाई ना?”

“नाही चुकली. आत्या, तुला एक दाखवायचंय.”

दोघी बांधावर बसल्या. उन्हात पडदा दिसेना म्हणून आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याची सावली केली, आणि त्या सावलीत दोघींची डोकी एकमेकींना टेकली. वृषालीने रील लावलं. तो जड आवाज वाफ्यातून गेला, पेटी वाजली. आत्याने बोट लावलं की चित्र थांबायचं, पुन्हा चालू करावं लागायचं. मग आरोही आली. आत्या पुढे वाकली.

“ही… ही आरू हाय.”

“हो.”

“माझी बाय ती.” आत्याने बोट आरोहीच्या डोक्याजवळ नेलं. “आगं, ही एवढी का रडती? कुणी मारलं का हिला?”

“रडत नाहीये आत्या. हसतेय ती.”

आत्याने मान हलवली. डोळ्यांतून पाणी सुरकुत्यांत शिरलं. “माझं मन राखू नगं. मला ऐकू येतंय ना. कशी उमाळं देऊन रडतीया पोर. मी तवाच आनाया पायजे व्हती गं तुमाला. माज्या मालकाला न जुमानता आनाया पायजे व्हती. एवढंसं लेकरू, कुनाच्या दारात रडत बसलं.”

“अगं हसतेय ती! खरंच सांगते!” वृषालीचा आवाज चढला, इतका की पलीकडच्या रानात फवारणारा माणूस वळून बघायला लागला. तिला स्वतःलाच रडू यायला लागलं, निव्वळ चिडीने. त्या पेटीवाल्याला लाख माणसांनी खरं मानावं, तेजस्विनीने मानावं, ते ठीक. पण आत्यानेही? जिने आरोहीला न्हाऊ घातलं त्या बाईनेही एका उपऱ्या हुंदक्यावर विश्वास ठेवावा आणि माझ्यावर नाही? आणि वर स्वतःला दोष देत बसावं, ज्या रडण्याचा दोष देतेय ते रडणंच मुळी नसताना? तिला मोबाइल विहिरीत भिरकावून द्यावासा वाटला. रागारागात तिने बाजूचं बटण दाबलं, दाबून धरलं, आवाज कमी कमी होत बंद झाला. पेटी गेली. तो माणूस गेला. हुंदके गेले. “आता बघ,” ती म्हणाली. “कान नको लावूस. नुसती बघ.”

लसणाच्या पातीवरून वारा गेला. पदराच्या सावलीत आरोही निमूट गदगदत होती. मान खाली, तळवे गच्च, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. एकदा झालं. आत्या म्हणाली, “पुन्यांदा लाव.” वृषालीने लावलं. आत्याने डोळे बारीक केले. तळव्यांच्या वर, कपाळाच्या खाली, आरोहीच्या गालांचे दोन उंचवटे वर चढले होते आणि डोळे मिटून रेघ झाले होते.

“आँ?” आत्या म्हणाली.

वृषालीने पुन्हा लावलं.

“आगं ही तर… ही खिदळतीया!” आत्याने पदर मागे टाकला, पुन्हा पुढे ओढला. “सटवी. माज्या सासऱ्याच्या तेराव्याला बी अशीच. पंगत बसलीया, आन ही तोंड दाबून बसलीया. मी चिमटा काढला तर आजून जोरात.” ती बोलता बोलता हसायला लागली, दात नसलेल्या तोंडाने, आणि डोळ्यांतलं आधीचं पाणी अजून वाहतच होतं. “काय झालं व्हतं गं? का हसली?”

वृषालीने सांगितलं. ती चादर, ती शांतता, ते पोटातलं गुडगुडणं. आत्याने मांडीवर थाप मारली. मग तिने रांगेतल्या दुसऱ्या मुलीवर बोट ठेवलं, न शोधता, न चुकता. “आन तू बघ कशी बसलीयास. जशी काय परीक्षा हाय.”

थोड्या वेळाने आत्या पुन्हा खुरपायला बसली आणि वृषाली तिच्या शेजारी ओंजळीने गवत गोळा करत राहिली. तिने तेजस्विनीचं सांगितलं, ती कशी रोज रडते ते, राकेश काय म्हणाला ते. आत्या ऐकत होती. “मग सांग की त्या पोरीला. म्हनावं आमची आरू हसतीया.”

“ती विचारेल तुला कसं माहीत.”

“मंग सांगायचं.”

“आत्या, सोपं आहे का ते?”

“मी कुटं म्हनते सोपं हाय?” आत्याने मुळासकट तणाचं एक रोप उपटलं, माती झटकली. “म्या बारा गावचं ऐकलं तुला घरात घेतली तवा. न्हाई सांगितलं तरी लोकं सांगत्यातच की. तेंच्या परीनं. तू मेलीस म्हनून सांगत्यात. आता काय.”

हे काही मोठं शहाणपण म्हणून आत्या बोलली नव्हती. ती पुढच्या सरीला सरकली होती. पण वृषालीला बसवेना. तिने मोबाइल काढला, ठेवला, पुन्हा काढला. राकेशचा चेहरा आला, चहाच्या पातेल्यावर वाकलेला. डिंभ्याच्या सासूचा आला. त्यांच्याशी तिचं खरं तर बरं चाललं होतं, त्या मासे पाठवायच्या, साफ करून, मीठ लावून. राकेशला काय सांगायचं ते परतीच्या गाडीत ठरवू, असं तिने ठरवलं, आणि ते ठरवणं किती तकलादू आहे हेही तिला दिसत होतं. तिने फोन लावला.

“बोल गं,” तेजस्विनी म्हणाली. मागे कुकरची शिट्टी. “कुठेस?”

“गावाला. तेजू, ते रील आहे ना, कन्नड सिनेमाचं. ते आवाज बंद करून बघ.”

“का गं?”

“बघ तर. त्या तोंड झाकलेल्या मुलीकडे बघ. मी थांबते.”

तेजस्विनी काहीतरी पुटपुटली, गॅस बंद केल्याचा आवाज आला. वृषालीच्या कानाला घाम फुटला. वाफ्याच्या टोकाला आत्या खुरपं थांबवून तिच्याकडे बघत होती. मग पलीकडून एक विचित्र आवाज आला, अर्धा हसल्याचा. “अय्या वृषाली! अगं ही तर हसतेय! खरंच हसतेय की गं! मी एवढं रडले… तुला कसं कळलं?”

खोटं बोलायला अजून जागा होती. कुठेतरी वाचलं, कुणीतरी सांगितलं. ती जागा तिला स्पष्ट दिसली, रस्त्यावर वळायची वाट दिसावी तशी.

“ती माझी बहीण आहे,” वृषाली म्हणाली. “आणि तिच्या शेजारी बसलेय ती मी आहे. मी मेलेली नाहीये.”

पलीकडे कुकरची उरलेली वाफ सूं सूं करत होती तेवढीच. तेजस्विनी तो पडदा पुन्हा बघत असणार, कान बघत असणार, आणि मग डबा आठवत असणार, न विचारता उचललेली भाजी, चकलीच्या पिठातले चार हात. वृषालीला वाटलं फोन ठेवून द्यावा. वाटलं, आता ही रडेल, आणि ही रडली तर मी हिला कधीच माफ करणार नाही.

तेजस्विनी रडली नाही. घसा खाकरून तिने विचारलं, “उद्या येणारेस ना कामावर?”

त्या आवाजावरून काहीच कळेना. ये म्हणतेय की येऊ नको म्हणतेय, की आणखी काही सुचलं नाही म्हणून नुसतंच विचारतेय. वृषालीने कान देऊन बघितलं आणि तिला काही सापडलं नाही, आणि तिला पुन्हा संताप आला, तेजस्विनीचा, स्वतःचा, त्या बंगळुरूच्या भल्या माणसाचा.

“येणार,” ती म्हणाली. “न यायला काय झालं?”

“बरं,” तेजस्विनी म्हणाली, आणि जरा थांबून, “बरं, ये,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

“काय म्हनली?” आत्याने लांबून विचारलं.

“ये म्हणाली.”

“मंग जीप गाठ चारची, पुढं गाडी मिळंना मग,” आत्या म्हणाली. वृषाली उठली, हाताची माती झटकली आणि बांधावरून रस्त्याच्या दिशेने चालायला लागली, जरा जास्तच जोरात पावलं टाकत.